बेगमी

'घरातल्या काटकसरीचा इतिहास' या विषयावर रेडिओवर बोलाल का, असे विचारले गेले तेव्हा मला आधी हसू आले. कवीला काटकसरीवर बोलायला सांगणे म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीवर बोलायला सांगण्यासारखेच. आमच्या घरात हिशेबाची वही बायकोकडे असते आणि ती मला दाखवली जात नाही. पण मग मला डोंगरी आठवली, आणि मी हो म्हणालो.

डोंगरी म्हटले की मुंबईकरांना उमरखाडीजवळची डोंगरी आठवते. ती ही नव्हे. ही मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतली, समुद्राकडची डोंगरी. भाईंदरला पश्चिमेला उतरून उत्तनची बस पकडायची. इमारती संपतात, मिठागरे दिसू लागतात, मग मुर्धा, राई, मोरवा अशी गावे मागे टाकत बस टेकडीच्या कुशीतल्या या गावात येते. पुढे उत्तन, पाली, चौक आणि समुद्र. इतिहासाच्या पुस्तकात हा सगळा पट्टा धारावी बेट म्हणून येतो. पोर्तुगीजांनी १५३४ पासून दोनशे वर्षे वसई प्रांत ताब्यात ठेवला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत चौकच्या टेकडीवरचा धारावीचा किल्ला मराठ्यांकडे आला आणि त्याच वर्षी वसईही पडली. किल्ला आहे, बेथलेहेम माऊलीचे जुने चर्च आहे, त्यामुळे या गावांचा इतिहास लिहिणारे साहजिकच किल्ल्यापासून सुरू करतात आणि चर्चपाशी थांबतात. किल्ला आणि चर्च यांच्यामधल्या घरांत चूल कशी पेटत होती, हे मात्र कोणी लिहिले नाही.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे घर तिथे आहे. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंब, घरात बोलणे मराठीच. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे. मे महिन्यात कधी तिच्याकडे गेलो, तर घर येण्याआधी ठसका येतो. बाटलीतल्या मसाल्याची मिरची भाजली जात असते.

हा मसाला म्हणजे या घरांचा वर्षाचा खजिना. दोन-तीन जातींची मिरची, हळद, धणे, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल, त्रिफळ, शिवाय गहू आणि चण्याची डाळसुद्धा. वीस-पंचवीस जिन्नस सहज होतात. प्रत्येक जिन्नस आधी कडक उन्हात वाळवायचा, मग मंद आचेवर वेगवेगळा भाजायचा. पूर्वी कांडणाऱ्या बाया लांब मुसळे घेऊन घरोघर फिरत, आणि आळीपाळीने पडणाऱ्या मुसळांचा ताल साऱ्या आळीला ऐकू येई. मसाला तयार झाला की तो बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा आणि बूच घट्ट बसवायचे. बाटली बियरचीच का? एक तर ती फुकट मिळते. दुसरे म्हणजे गडद काचेतून उजेड आत जात नाही, म्हणून मसाल्याचा रंग आणि वास वर्षभर टिकतो. हे कोणा शास्त्रज्ञाने येऊन सांगितले नव्हते.

मेच्या अखेरच्या या धांदलीला आमच्या ठाणे-रायगडकडे 'आगोट' म्हणतात. पावसाच्या तोंडावर घर भरून घ्यायचे. जून ते नारळी पौर्णिमा समुद्र बंद, शेतात चिखल आणि लावणी, रस्ते पाण्याखाली. या काळात घरात जे असेल तेवढेच. म्हणून बोंबील. समोरासमोर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूच्या वलांडीवर टांगतात. ऊन आणि वारा एवढाच खर्च, मीठही लागत नाही. जवळा चटईवर पसरून, करंदी सोलून, बांगडा मात्र मिठात. तांदूळ कणगीत, कणगी शेणाने सारवलेली. वालाला राख चोळायची, तांदळाला एरंडेल, डाळीत कडुनिंबाचा वाळलेला पाला, मसाल्यात हिंगाचे खडे. चिंच मीठ लावून, गोळे करून बरणीत. झावळ्या, करवंट्या, गोवऱ्या पडवीत कोरड्या जागी.

आणि काहीही फुकट जायचे नाही. तांदूळ धुतलेले पाणी अळवाच्या बुंध्याशी, भाताची पेज आजाऱ्याला किंवा कपड्यांना खळ म्हणून, कोंडा कोंबड्यांना, चुलीतली राख भांडी घासायला. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी फाटली की बाळाची दुपटी, दुपटे गेले की पोतेरे. पोतेऱ्यानंतर काय, असे मी मावशीला विचारले होते. 'काय म्हणजे? चुलीत,' ती म्हणाली.

पाण्याचेही तसेच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरे. सगळीकडे पाणी, पण गोडे पाणी विहिरीपुरते. इथल्या ख्रिस्ती लग्नांत आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणण्याची रीत आहे. ज्या समाजाने विहिरीच्या पाण्याला लग्नात मानाची जागा दिली, त्याला पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

तर या सगळ्या साठवणीला मराठीत शब्द आहे 'बेगमी'. बऱ्याच जणांना वाटते, हा शब्द बेगमेवरून आला असावा. तसे नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात तो फारशी म्हणून दिला आहे. बे म्हणजे विना, गम म्हणजे दुःख, घोर. बेगमी म्हणजे घोर नसणे. घरात तांदूळ आहे, सुके आहे, सरपण आहे, आता चार महिने काळजी नाही. साठ्याला त्याच्या परिणामाचे नाव देणारी ही भाषा मला फार आवडते. मी मुसलमान, मराठीत कविता लिहितो, त्यामुळे असा शब्द भेटला की घरचे माणूस परगावच्या स्टेशनवर भेटल्यासारखा आनंद होतो. हिशेब, खर्च, जमा, बाकी, बरकत हे सगळे शब्द फारशी-अरबीतून दरबाराच्या वाटेने आले आणि मराठी माजघरात बसले. पण गंमत पाहा, घरातली बाई प्रत्यक्षात ज्या मापांनी मोजते ती मापे मात्र कुठून आलेली नाहीत. मूठ, चिमूट, पसा, ओंजळ. ती हाताचीच आहेत.

या मापांचा इतिहास सरकारी कागदांत सापडत नाही. कागदांत वेगळे सापडते. १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापले गेले. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखालचे ते मोठे काम आहे, आणि त्यात पिके, बंदरे, मिठागरे, जातीजमाती, त्यांची घरे, भांडीकुंडी, सणावारांचे खर्चही नोंदले आहेत. साहेबाने भांडी मोजली. भांड्यातले किती आणि कोणाच्या वाट्याला आले, हे त्याला विचारता आले नसते, आणि विचारले असते तरी कोणी सांगितले नसते.

छापील मराठीत गृहिणी आली ती थोडी नंतर. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० मध्ये निघाले. १९३० मध्ये किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक सुरू झाले. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. मोलाची पुस्तके आहेत, आमच्या घरीही 'रुचिरा' आहे. पण एक हजार पाकक्रिया उपयोगी पडायच्या तर तेवढे साहित्य ज्यांच्या घरात येते असे वाचक लागतात. काटकसर करायलाही आधी काहीतरी असावे लागते. डोंगरीसारख्या गावातल्या बाया किंवा आमच्या चाळीतल्या बाया या पुस्तकांच्या वाचक नव्हत्या. त्यांचे शिक्षण सासूच्या शेजारी बसून झाले होते, बहुधा बोलणी खात.

सरकारचे लक्ष स्वयंपाकघराकडे वळले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई त्या तांदळावर बरीच अवलंबून होती. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नाविना मेली, हे ध्यानात घेतले म्हणजे मुंबईच्या त्या कार्डाची किंमत कळते. माणशी दिवसाला एक पौंड धान्य असा सुरुवातीचा हिशेब होता, तो १९४६ मध्ये १२ औंसांवर आला. १२ औंस म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम. भात खाणाऱ्या, अंगमेहनतीच्या माणसाला तो किती पुरतो, हे कोकणी माणसाला सांगायला नको. १९५४ पर्यंत रफी अहमद किडवाईंनी नियंत्रणे उठवली, पण रेशनकार्ड घरातून गेले नाही. ते आजही लोखंडी कपाटात, लग्नाच्या फोटोच्या खाली असते.

रेशनने एक गोष्ट मुळातून बदलली. बेगमी वर्षाची असे, रेशन आठवड्याचे किंवा महिन्याचे. बेगमीत बाईचा अंदाज चालत असे, रेशनमध्ये कार्डावरची माणसे. पाहुणा कार्डावर नसतो. बाळंतीण कार्डावर एकच माणूस असते.

त्याच्या मागोमाग मापेही बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे झाले. १९५८ ते १९६२ या काळात शेर, छटाक, तोळे जाऊन किलो आणि ग्रॅम आले. मावशी तेव्हा ऐन तारुण्यात. ती सांगते, तिच्या सासूने किलो कधीच मानला नाही. पायलीला चार शेर, सोळा पायल्यांचा मण, हे तिचे गणित मरेपर्यंत पक्के. दुकानदार किलोत द्यायचा, म्हातारी घरी येऊन ते पुन्हा पायलीने मोजायची आणि मगच आत घ्यायची. दुकानदारावर तिचा विश्वास नव्हता असे नाही, किलोवर नव्हता. मूठ आणि चिमूट यांना मात्र दशमान पद्धतीने हातही लावला नाही.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि सोमवारी संध्याकाळी देशभर चुली विझल्या. शास्त्रीजींबद्दल आमच्या घरात कायम आदराने बोलले जाई. पण ही हकीकत सांगताना आई दर वेळी थोडी हसायची. का हसायची ते मी कधी विचारले नाही. आता त्याचा थोडा अंदाज येतो.

मग १९७२. एकीकडे महाराष्ट्रात भीषण दुष्काळ, दुसरीकडे मुंबईत साखर, तेल, रॉकेल मिळेना. त्या वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, पण या प्रश्नावर एकत्र. बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवत मंत्र्यांच्या दारात गेल्या. माझ्या मते घरगुती काटकसरीच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे. तोवर घरात कमी पडले तर बाईचे चुकले, असे धरले जाई. तिला पुरवता येत नाही, तिच्या हाताला बरकत नाही, असे म्हटले जाई. 'आम्ही पुरवून पुरवून थकलो, आता तुम्ही हिशेब द्या,' असे त्या मोर्च्याने सरकारला तोंडावर विचारले.

माझा स्वतःचा संबंध येतो तो याच्या दहा वर्षांनंतर. आम्ही कुर्ल्याला चाळीत राहत होतो, वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दत्ता सामंतांचे नाव प्रत्येकाच्या तोंडी. मी तेव्हा सातवीत होतो. संप महिन्याभरात मिटेल असे सगळे म्हणत होते. तो मिटलाच नाही.

त्या दिवसांतली आईची कारागिरी मला आजही दिसते. रॉकेलच्या रांगेत पहाटे मी डबा ठेवायचो, शाळेची वेळ झाली की बहीण येऊन उभी राहायची. मिळालेले रॉकेल महिनाभर पुरवायचे, म्हणून भाताला एक उकळी येऊन तो अर्धामुर्धा शिजला की आई स्टोव्ह बंद करायची आणि पातेले झाकणासकट गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची. तासाभराने भात मऊ. पुढे वाचनात आले की महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये हेच करत. गवत भरलेल्या पेटीत गरम भांडे बंद करून ठेवत आणि सरकारच त्याचा प्रचार करत असे. तिथले रेशनिंग १९४० ते १९५४ चालले. आईला ब्रिटनचे काही माहीत नव्हते. तिला हे तिच्या आईने, रायगडच्या खेड्यात, सरपण वाचवायला शिकवले होते. कोळंबीची साले वाटून, गाळून त्या पाण्याची आमटी व्हायची. आम्हाला ती आवडायची, म्हणून तीत कोळंबी नाही हे आमच्या लक्षातच आले नाही.

आणि तांदळाचा एक निळा डबा होता. भात टाकताना आई मोजलेल्या तांदळातून एक मूठ काढून त्या डब्यात टाकायची. दोन्ही वेळा. एक मूठ सुमारे ५० ग्रॅम धरली तर दिवसाला १०० ग्रॅम, महिन्याला तीन किलो. पगार दहा तारखेला होई, त्याआधीचे चार-पाच दिवस या डब्यावर निघत. वाण्याकडे उधारी नाही. संप लागल्यावर डबा बंद झाला नाही. मुठीची चिमूट झाली एवढेच.

मी या डब्यावर कविता लिहिली. बरीच वर्षे ती वाचून दाखवली, टाळ्याही मिळाल्या. कवितेत आईचा हात होता, बरकत होती, मूठभर तांदळातून उभे राहिलेले घर होते. आई गेल्यानंतर एकदा बहिणीने ती कविता ऐकली. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, 'कविता छान आहे रे दादा. पण तू गणित चुकवलंस. मूठ पातेल्यातून निघायची, ताट कमी व्हायचं एकाचंच. आपल्या चौघांची ताटं तेवढीच असायची, आठव बरं.'

मी आठवले. तिचे खरे होते. आई आमच्यानंतर जेवायची आणि जेवताना पाठ आमच्याकडे असायची. ती कविता मी त्यानंतर वाचलेली नाही.

गेल्या मेमध्ये डोंगरीला गेलो तेव्हा मावशीला हे सगळे सांगितले आणि बेगमी शब्दाचा अर्थही सांगितला. घोर नसणे. मला वाटले, तिला आवडेल. तिने जरा विचार केला. 'घरातल्यांचा घोर जायचा, ते बरोबर,' ती म्हणाली. 'माझा नाय गेला. श्रावण संपेपर्यंत रोज रात्री उठून मी डबे हलवून बघायची. आवाजावरून कळतं ना किती उरलंय ते.'

मी विचारले, हे कधी कोणाला सांगितले होते का?

'सांगून काय, डबा भरला असता?'

आता तिच्या घरात फ्रिज आहे. मासळी बर्फातली का होईना, बाराही महिने मिळते. सून भाईंदरला नोकरीला जाते आणि येताना पाकिटातला मसाला आणते, त्यावर मावशी काही बोलत नाही. कांडणाऱ्या बायाही कमी झाल्या, बरेच जण जिन्नस भाजून गिरणीत दळून आणतात. रेशनचे रूपही बदलले. १९९९ मध्ये पिवळी, केशरी, पांढरी कार्डे आली, २०१३ मध्ये अन्न सुरक्षा कायदा झाला आणि जानेवारी २०२३ पासून त्यातल्या प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य फुकट मिळते. ज्यांनी १९७२ ला लाटणी उचलली त्यांतल्या काही जणींना हे पाहता आले असेल. मला या बदलांची हळहळ वाटत नाही. मुसळाचा ताल ऐकायला गोड होता, पण तो मी ओट्यावर बसून, चहा पिता पिता ऐकला होता. ज्यांच्या खांद्यांतून तो निघत होता, त्यांना तो कसा वाटत होता हे मी कधी विचारले नाही.

निघताना मावशीने मसाल्याची एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. मी नको नको म्हणत होतो, कारण या वर्षी तिने पूर्वीच्या मानाने थोड्याच बाटल्या भरल्या होत्या. तिने ऐकले नाही. बस आली, मी चढलो, तेवढ्यात ती फाटकापर्यंत आली आणि ओरडून म्हणाली, 'मसाला संपला की बाटली धुऊन परत आण हां बाबा. अशी जाड काचेची आता मिळत नाय.'